स्टर-फ्रायचे दिवस

मांस अर्धवट गोठलेलं असलं की पातळ कापता येतं. हे पद्मजाला कुणी शिकवलं नव्हतं. एम.एस्सी.ला असताना ऊतींचे छेद घ्यायची सवय होती, तीच इथे कामाला आली. लाल पट्ट्यातल्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते पाहायचं, सुरी त्यांना आडवी धरायची आणि श्वास तोंडाने घ्यायचा. शेवटची गोष्ट मात्र प्रयोगशाळेतली नव्हती. बीफचा वास तिला अजूनही सोसत नव्हता.

मंगळवारची संध्याकाळ होती. पिस्कॅटवेतल्या औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागातून ती दिवसभर उभी राहून घरी आली होती आणि कोट काढून थेट ओट्याशी लागली होती. पाय भरून आले होते. एका शेगडीवर वरणाचं पातेलं, दुसरीवर जाड लोखंडी तवा. वरण उद्या शाळेत न्यायच्या थर्मासचं, तव्यावर आजचं जेवण. बाजूला ब्रोकोलीचे तुरे, ढोबळी मिरचीच्या फाका, किसलेलं आलं, ठेचलेली लसूण. वाटीत गहू नसलेला सोया सॉस, त्यात कॉर्नस्टार्च कालवलेलं. सगळं मापाने. चव घेऊन बघायची सोय नसल्यामुळे हा एकच पदार्थ ती चमच्यांच्या हिशोबाने करायची. बाकी सगळा स्वयंपाक अंदाजपंचे.

दुपारी फोनवर लेकीचा, अंतराचा, रक्ताचा रिपोर्ट आला होता. अँटिबॉडीचा आकडा खाली आलाच नव्हता, उलट थोडा चढला होता. त्याखाली डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. पेशंट पथ्य पाळत नसण्याची शक्यता तपासावी, नाहीतर पुन्हा एंडोस्कोपी करावी लागेल.

पथ्य पाळत नसण्याची शक्यता. ते वाक्य पद्मजा दुपारपासून घेऊन फिरत होती.

अंतराला सीलिअ‍ॅक आहे हे कळून दीड वर्ष झालं होतं. गव्हाचा कणही तिच्या आतड्यांना सोसत नाही, हे कळल्याबरोबर पद्मजाने घर धुऊन काढलं होतं. पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा, चाळण्या, टोस्टर, सगळं मैत्रिणीकडे, प्रीताकडे रवाना झालं. लाकडी डाव फेकले. कुकरची रिंग बदलली. शॅम्पूच्या बाटल्या वाचल्या, टूथपेस्ट वाचली, व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या कंपनीला फोन केला. नवरा अवधूत दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरच्या कामावर, शनिवार-रविवारी घरी यायचा. तो पोळ्या तिकडेच खाऊन येई आणि दारातच म्हणे, "आलो गं, हातपाय धुऊन येतो. तुझ्या सोवळ्यात शिरायचंय ना."

त्यातच अंतराचं रक्त कमी निघालं. पद्मजाने नाचणी, अळीव, खजूर, गूळ, सगळं करून पाहिलं. जखमी आतडी लोह शोषतच नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनदा बीफ द्या. अवधूतने विद्यार्थी असताना शिकलेला स्टर-फ्राय पहिल्यांदा करून दाखवला. मग त्याची बदली झाली आणि तो पदार्थ पद्मजाच्या गळ्यात पडला. तिने त्यासाठी वेगळा तवा घेतला, कापायची वेगळी पाटी, वेगळी सुरी, वेगळा डाव. गव्हाचं एक सोवळं होतंच, आता बीफचं दुसरं. तवा इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून तो सिंकखाली एकटा राहायचा.

गराजचं दार वाजलं. अंतरा बँडची प्रॅक्टिस संपवून आली. क्लॅरिनेटची पेटी तिने जिन्याशी टेकवली आणि नाक वर करून वास घेतला.

"स्टर-फ्राय? येस! थँक यू, आई. आज मी मरतेय भुकेने."

"हात धू."

"धुतेय. व्हाय आर यू मॅड?"

"मी कुठे चिडलेय?"

"तू 'हात धू' असं म्हणालीस. 'हात धू गं' नाही म्हणालीस."

पद्मजाने मांसाचे काप दोन वाट्यांत विभागले. एकदम टाकले तर तवा थंड होतो, पाणी सुटतं आणि मांस उकडल्यासारखं होतं, म्हणून दोन घाण्यांत. ती त्या वाट्यांकडे बघतच म्हणाली, "रिपोर्ट आला."

अंतराने नळ बंद केला. "आणि?"

"वाढलाय."

"काय? नो वे."

"पुन्हा एंडोस्कोपी म्हणतायत."

अंतरा स्टुलावर बसली. सोळा वर्षांची पोर, पण डोळ्यांखाली काळं. ओठ अजून क्लॅरिनेटने लाल झालेले. "पण मी काहीच खाल्लं नाहीये. आय स्वेअर."

"तुझ्या बॅगेत गव्हाच्या प्रेट्झेलचं पाकीट सापडलं होतं."

"ओ माय गॉड, ते जानेवारीत! आणि ते माझ्या फ्रेंडचं, रीमाचं होतं. आई, तू अजून त्याच पाकिटावर आहेस?"

"आकडा हवेतून वाढत नाही, अंतरा."

"तुला वाटतंय मी खोटं बोलतेय."

पद्मजा ओट्याकडे वळली. तिने शेगड्या पेटवल्या. वरणाच्या फोडणीची पळी डाव्या जाळावर, लोखंडी तवा उजव्या. दोन्हींत तेल घातलं. मसाल्याचा डबा उघडून मध्ये ठेवला. सगळं इतकं सवयीचं होतं की डोकं दुसरीकडे असलं तरी चालत होतं.

"शुक्रवारची पिट्सबर्गची ट्रिप," ती म्हणाली, "मला वाटतं राहू दे. मी तुझ्या बँडच्या सरांना मेल करते. तीन दिवस बाहेरचं खाणं. मी नसेन बघायला."

"नो. नो, नो. आई, माझा सोलो आहे!"

"तब्येतीपेक्षा सोलो मोठा नाही."

"मी माझं जेवण घेऊन जाईन. मी लेबल वाचते. मी तुझ्यापेक्षा जास्त वाचते!"

"तिथे सगळे पिझ्झा खाणार, डोनट खाणार. मला माहीत आहे कसं होतं ते. एवढुसा तुकडा, त्याने काय होणार, असं वाटतं. मी तुला दोष देत नाहीये..."

"देतेयस! तू दोषच देतेयस!" अंतराचा आवाज फाटला. "तू बाबाला सांगितलंस, प्रीतामावशीला सांगितलंस. तिच्या घरी मी गेले की ती बिस्किटांचा डबा वर ठेवते. लाइक आय अ‍ॅम अ थीफ!"

तेल तापलं. तेल तापलं की हात काय करतो ते हाताला विचारावं लागत नाही. मोहरी पळीत पडली, तडतडली. चिमूट हिंगाच्या डबीत गेली आणि मान अंतराकडे वळलेली असतानाच हात उजवीकडे सुटला. हिंग पळीत नव्हे, तव्यात पडला. पद्मजाच्या लक्षातही आलं नाही. तिने पाठोपाठ मांसाची एक वाटी तव्यात उपडी केली. चर्र आवाज झाला, धूर उठला आणि धुराबरोबर घरभर तो ओळखीचा, वरणाचा, पोटाला शांत करणारा वास पसरला.

अंतरा स्टुलावरून उतरली. "आई. तू माझ्या स्टर-फ्रायमध्ये हिंग घातलंस?"

पद्मजाने तव्याकडे पाहिलं. "पडला वाटतं. चुकून. चिमूटभर तर आहे, चवीला नाही कळणार. उलट पचायला बरा."

"मला नाही पचायचं ते! व्हाय वुड यू डू दॅट?" आता ती रडत होती. एवढ्याशा गोष्टीवर रडणारी मुलगी ही नव्हे. "ही एकच गोष्ट आहे या घरात जी खाल्ली की माझं पोट दुखत नाही. द ओन्ली थिंग! आणि तू तीही तुमच्या जेवणासारखी करून टाकलीस."

"एकच गोष्ट म्हणजे?"

"मी तुला कितीदा सांगितलंय. स्टर-फ्रायचे दिवस चांगले दिवस असतात. तू म्हणायचीस, हो का, मग रोज बीफच करू का."

हे खरं होतं. पद्मजा असंच म्हणाली होती, थोडं हसून, थोडं टोचून. पोरीला बीफ आवडायला लागलंय, म्हणून पोटाची सबब सांगतेय, असा तिचा समज होता. तो समज तपासून पाहावा असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने दोन्ही शेगड्या बंद केल्या.

मांस अर्धं लाल, अर्धं तपकिरी असं तव्यात पडून राहिलं. पद्मजा हातात डाव घेऊन उभी होती. ती फार दमली होती, पण तिच्या डोक्याचा एक भाग दमत नसे. दिवसभर तो भाग बिघडलेल्या नमुन्यांपुढे बसून हा का बिघडला आणि तो का नाही असं विचारायचा. आता तो अंतराच्या वाक्यापुढे बसला. मुलगी बाहेर चोरून खात असेल, तर घरी काय शिजलंय यावर तिचं पोट कसं ठरेल? डोनट खाल्लेल्या पोटाला घरच्या स्टर-फ्रायची काय खबर? दुखायचं असेल तर ते दोन्ही जेवणांनंतर दुखायला हवं. स्टर-फ्रायनंतर दुखत नाही आणि वरण-भातानंतर दुखतं, याचा अर्थ दोष बाहेर नाही. दोष वरण-भातात आहे.

पण वरणात काय असतं? तूरडाळ. ती निवडून, तीनदा धुऊन घेतलेली. हळद, बंद पाकिटातली. मीठ, गूळ, तूप. मोहरी. हिंग.

तिने डबीकडे पाहिलं. स्टीलची डबी, लग्नानंतर लगेच घेतलेली. पाकीट संपलं की नवं पाकीट तिच्यात ओतायचं. बोटं आल्याच्या रसाने ओली होती. तिने तर्जनी डबीत बुडवली आणि अंगठ्याशी चोळली. पिवळी पूड भिजली आणि बोटांवर चिकट झाली. चोळत गेलं तसा तिचा लगदा झाला, मग बारीक वळी. हिंग हा झाडाचा चीक. वाळवला तर खडा होतो, दगडासारखा. त्याची अशी हलकी, सुटी पूड होते कशी? ती कशात तरी घोळलेली असणार, नाहीतर होणारच नाही. अंगठ्यावरची वळी तिने पुन्हा दाबली. ज्या स्त्रीने वीस वर्षं रोज कणीक मळली आहे, तिच्या बोटांना ते काय आहे हे सांगावं लागत नाही.

"आई? आई, काय झालं?"

पद्मजा कोठीच्या कपाटाशी गेली. मागच्या बाजूला हिंगाचं न फोडलेलं पाकीट होतं. चष्मा डोक्यावरून खाली ओढून तिने ते दिव्याखाली धरलं. बारीक अक्षरात, काहीही न लपवता छापलेलं होतं. खाण्याचा डिंक. गव्हाचं पीठ. आणि सगळ्यात शेवटी हिंग.

शॅम्पू वाचला होता तिने. टूथपेस्ट वाचली होती. पण हिंग म्हणजे हिंग. मीठ म्हणजे मीठ, पाणी म्हणजे पाणी, तसा. त्याच्यातही काही घटक असतील, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. आमटी. उसळ. भेंडीची भाजी. थर्मासमधून रोज शाळेत गेलेला मऊ वरण-भात, कारण शाळेचं काही खायचं नव्हतं. आणि पोट दुखायला लागलं, फुगलं, अंतरा पोटाशी गुडघे घेऊन सोफ्यावर पडली, की पद्मजा ताक करायची. पातळ ताक, चिमूटभर मीठ, आणि हिंग. हिंग जरा जास्तच. "घे बघू गटकन, आता बरं वाटेल." अंतरा नाक धरून प्यायची.

पद्मजा कोठीतल्या पायरीच्या स्टुलावर बसली.

"आई, यू आर स्केअरिंग मी."

"यात गहू आहे," पद्मजा म्हणाली. तिने पाकीट पुढे केलं. "हिंगात."

अंतराने वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे वरणात?"

"हो."

"आमटीत? भाजीत?"

"सगळ्यात. एक स्टर-फ्राय सोडून." मग ती म्हणाली, "आणि ताकातपण."

बाहेरून कुणाची तरी गाडी वळल्याचा उजेड भिंतीवरून गेला. अंतरा हसली. हसू चांगलं नव्हतं. "तू मला औषध म्हणून ग्लूटेन देत होतीस."

"हो."

"मी आजारी पडले की अजून."

"हो, अंतरा."

पद्मजाला वाटलं होतं मुलगी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. अंतरा ओट्याला टेकून उभी राहिली, पाकीट हातात घेऊन. मग म्हणाली, "सो मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस."

"नीट म्हण."

"तू खोटं बोलत नव्हतीस. तू एकदाही चोरून खाल्लं नाहीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही आणि माझ्याच हाताने तुला आजारी पाडलं."

"मला नको म्हणूस. मला माहीतच होतं." अंतराने मनगटाने नाक पुसलं. "बाबाला सांग. आत्ता. स्पीकरवर."

पद्मजाने फोन लावला. उभं राहून बोलायचं त्राण नव्हतं, ती स्टुलावरूनच बोलली. अवधूत कुठल्यातरी गोंगाटात होता, मागे पंख्यांसारखी घरघर.

"बोल गं. जेवलात?"

"नाही अजून. अवधूत, ऐक. अंतराने काही खाल्लेलं नाही बाहेर. कधीच नाही. गहू आपल्या हिंगात होता."

"कशात?"

"हिंगात. फोडणीच्या."

"काहीतरीच काय! हिंगात कुठून येणार गहू? हिंग काय पोळी आहे?"

"पाकिटावर लिहिलंय."

"अगं पण आपली आई, आजी, सगळ्या जन्मभर..."

"बाबा," अंतरा मध्येच म्हणाली, "शी इज ट्राइंग टु से सॉरी. ऐकून घे ना."

मग अवधूत वेगळ्याच आवाजात म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस ती... अंतू, तू सांगत होतीस की."

"हो. मी सांगत होते."

"मीपण नाही ऐकलं, बाळा."

"आय नो." तिने फोन आईच्या हातातून घेतला. "तू संडेला ये मग बोलू. मला आता भूक लागलीये." आणि ठेवला. मग म्हणाली, "प्रीतामावशीला उद्या सांग. फोनवर नाही. घरी जाऊन. तिने डबा खाली ठेवलेला मला बघायचाय."

"सांगते."

पद्मजा उठली. तव्यातलं मांस कचऱ्यात गेलं. ती तवा घासायला सिंककडे वळली तशी अंतरा आडवी आली.

"तू नको. तुझ्या हाताला आहे ते."

"मी धुते हात."

"आई, बस तू. प्लीज. तुला बघूनच मी दमतेय."

म्हणून पद्मजा टेबलाशी बसली. आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं बसणं तिला जमेना. हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. अंतराने सिंकखालून अ‍ॅल्युमिनिअमचा एक नवा ट्रे शोधून काढला, ओव्हन जास्तीत जास्त तापवला. उरलेली मांसाची वाटी, ब्रोकोली, मिरची सगळं एकदम ट्रेमध्ये टाकलं आणि वरून सॉस ओतला. पद्मजाच्या जिभेवर आलं होतं की एकदम नको टाकूस, पाणी सुटेल. तिने ते गिळलं.

पाणी सुटलं. मांस वातड झालं, ब्रोकोलीची टोकं करपली. अंतराने ताटलीत भात घेतला, वर ते घातलं आणि खायला लागली, भराभर, मान खाली घालून. पद्मजाने स्वतःसाठी वरण-भात घेतला. फोडणी अर्धीच राहिलेली, मोहरी थंड तेलात बसलेली. ती न घालताच तिने भात कालवला. ताट घेऊन ती समोरच्या खुर्चीकडे आली आणि घुटमळली. मग टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

अंतराने वर पाहिलं. "फार लांब बसलीस."

"भाताचं शीत उडायला नको."

"आई, तुझ्या वरणात आज हिंग नाहीये. तू ते माझ्यात टाकलंस."

पद्मजाला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. ते पुसायची तिला शक्ती नव्हती, तसंच राहू दिलं. अंतरा हसली नाही. पण तिने नजरही वळवली नाही.

"मी शुक्रवारी जातेय," ती म्हणाली.

"जा."

"तू फोन करून विचारायचं नाही, काय खाल्लंस, काय खाल्लंस."

पद्मजाने घास खाली ठेवला. तीन दिवस. पिट्सबर्ग. कुठलं हॉटेल, कुठलं स्वयंपाकघर, कुणाचे हात. विचारायच्या प्रश्नांची रांग तिच्या मनात उभी राहिली, आणि त्या रांगेच्या तोंडाशी ती स्वतःच उभी होती, हातात हिंगाची डबी घेऊन.

"नाही विचारणार," ती म्हणाली.

"यू विल."

"नाही. सोलो कसा झाला ते विचारीन."

अंतराने खांदे उडवले. विश्वास बसला होता की नाही, कळायला मार्ग नव्हता, आणि आज तो मागायचा पद्मजाला हक्कही नव्हता. अंतराने ट्रेमधलं उरलेलं ताटलीत ओढून घेतलं आणि तोंडातला वातड तुकडा पुन्हा पुन्हा चावत राहिली.